सोंगाड्याचे नाव कोणत्या कागदावर आहे? : नगर जिल्ह्यातील हास्यसंवादाचा इतिहास

१/ आपल्या जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले. अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. याच जिल्ह्यातील संगमनेरचा शाहीर अनंत फंदी याच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. ब्राह्मणाने तमाशा करू नये, असे अहिल्यादेवींनी त्याला सुनावले. त्याने तत्क्षणी डफ फोडला आणि पुढे कीर्तनाची वाट धरली. जिल्हा ज्यांचे नाव मिरवतो त्यांच्या शब्दाखातर जिल्ह्यातील सर्वांत नामांकित तमासगिराने आपले वाद्य फोडले, अशी ही गोष्ट आहे. आजचा धागा तिथूनच सुरू करू. 🧵

२/ डफ फुटला त्या दिवशी शाहिराचे काय झाले, हे आख्यायिका सांगते. त्याच्या शेजारी उभा राहून लोकांना हसवणाऱ्या माणसाचे काय झाले, याविषयी ती मौन बाळगते. तमाशात या माणसाला सोंगाड्या म्हणतात. गेल्या अडीचशे वर्षांत त्याने महाराष्ट्राला जितके हसवले तितके दुसऱ्या कुणी क्वचितच हसवले असेल. तरीही त्याच्याविषयीचे कागद अत्यल्प आहेत. असे का झाले, हा या धाग्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्याच्या कलेतच दडले आहे, असे माझे म्हणणे आहे.

३/ मराठीतील विनोद फार जुन्या काळापासून संवादरूप आहे. शेवगाव तालुका ओलांडून गोदावरीच्या पलीकडे गेले की पैठण लागते. तिथे एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडे रचली. हा निजामशाहीचा काळ होता. मलिक अहमदने १४९० साली स्थापन केलेल्या त्या राज्याची राजधानी म्हणजे आपले नगर. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादच्या किल्ल्यावर सेवेत होते. अशा वातावरणात एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. त्यात दोघे एकमेकांच्या देवधर्माची मनसोक्त टर उडवतात, वाद हातघाईवर येण्याच्या बेतात असतो आणि अखेरीस दोघांची समजूत पटून ते एकमेकांना आलिंगन देतात.

४/ हे उदाहरण मुद्दाम घेतले. एकट्या माणसाने केलेला उपदेश आणि दोघांच्या भांडणातून श्रोत्यापर्यंत पोहोचलेला विचार यांत अंतर असते. भांडणात श्रोता आधी हसतो, मग कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला झुकतो आणि शेवटी स्वतःच पंच होतो. एकनाथांनी हे हेरले होते. तमाशाने याच गोष्टीचा व्यवसाय केला. एकनाथांचा संवाद मात्र हस्तलिखितांत उतरला, त्यामुळे तो आजही वाचता येतो. तमाशातील संवाद कुठेच उतरला नाही.

५/ आता तमाशाची रचना पाहू. आरंभी गण, म्हणजे गणेशस्तवन. मग गवळण : मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि गौळणींची पुढारीण ‘मावशी’. ही मावशी परंपरेने पुरुषच रंगवतो. त्यानंतर येते बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे सलग कथानक. पहिला वग ‘मोहना-बटाव’ हा उमा-बाबू सावळजकर यांनी १८६५च्या सुमारास रचला, असे मानले जाते. म्हणजे आज ज्याला आपण तमाशाचे ‘नाटक’ समजतो, तो भाग तुलनेने अलीकडचा आहे.

६/ बतावणी म्हणजे सरदार आणि सोंगाड्या यांच्यातील विनोदी संभाषण. सरदार हा फडाचा प्रमुख. तो शहाण्यासारखा, ठाशीव बोलतो आणि प्रश्न विचारतो. सोंगाड्या त्या प्रश्नाचा भलताच अर्थ लावून उत्तर देतो. कथानक असे फारसे नसते. विषय कोणताही चालतो : सासुरवाडी, तालुक्याची कचेरी, सावकार, पाऊस, गावचा पाटील. सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो. मधला मजकूर मात्र समोर बसलेल्या लोकांचा रागरंग पाहून तिथल्या तिथे घडवायचा असतो.

७/ वर्णनाने हे पुरते कळणार नाही. म्हणून बतावणीच्या धाटणीचा एक नमुना देतो. तो कोणत्याही फडातला नाही, निव्वळ रीत समजावी म्हणून मीच जुळवला आहे. काळ १९७२च्या दुष्काळाचा. नगर जिल्ह्यात गावोगाव खडी फोडण्याची कामे निघाली आहेत आणि मजुरांना सुकडी वाटली जाते आहे.

सरदार : काय रे, कुठं निघालास?
सोंगाड्या : कामावर. सरकारी हाय. खडी फोडायची.
सरदार : मग मिळतं काय?
सोंगाड्या : मोठ्या दगडाचं बारीक दगड.
सरदार : तसं नव्हं रं! हातात काय पडतं?
सोंगाड्या : हातोडा.
सरदार : आरं, पोटात काय पडतं म्हंतो मी!
सोंगाड्या : सुकडी. आन् ती न्हाई आली, तर खड्डा.

८/ यात काय घडले ते नीट पाहा. ‘मिळणे’ आणि ‘पडणे’ ही दोन साधी क्रियापदे. सरदार ती एका अर्थाने वापरतो, सोंगाड्या दुसऱ्या अर्थाने झेलतो. पहिली दोन उत्तरे केवळ शब्दांची कसरत आहेत. लोक हसून सैल होतात. सावध राहण्याचे काही कारण उरत नाही. तेवढ्यात तिसरे उत्तर येते आणि त्यात भूक असते. तेच वाक्य आरंभी उच्चारले असते तर ते गाऱ्हाणे ठरले असते. दोन विनोदांनंतर आल्यामुळे ते हसू आणि हुंदका यांच्या मधोमध येऊन थांबते.

९/ आणि यात सरदाराचे कामही पाहा. तो एकही विनोद करत नाही. पण ‘तसं नव्हं रं’ असे त्याने म्हटले नसते, तर पुढचे उत्तर आलेच नसते. त्याच्या चिडण्यातून सोंगाड्याला पुढची पायरी मिळते. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात सोंगाड्याचे शब्द पुन्हा उच्चारून मागच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याचे कामही अशा साथीदाराकडून आपोआप होत असणार. प्रेक्षक घरी जाताना सोंगाड्याचे नाव घेतो. फडातल्या माणसांना मात्र ठाऊक असते, की विनोद दोघांचा असतो.

१०/ हा शोध केवळ आपला नाही. जपानच्या ‘मान्झाई’ या प्रकारात दोन विनोदवीर उभे राहतात. एक वेड्यासारखे बोलतो, दुसरा त्याला दटावून दुरुस्त करतो. इटलीतील सोळाव्या शतकापासूनच्या ‘कोमेदिया देल्लार्ते’ या नाट्यप्रकारात कथेचा केवळ सांगाडा लिहिलेला असे, संवाद नट जागेवर रचत. तिथेही हुशार आणि भोळा अशी नोकरांची जोडी असे. भाषा, धर्म, हवामान सारे निराळे. तरी दोघांच्या बोलण्यातल्या गैरसमजातून हसू निर्माण करण्याची युक्ती तीच.

११/ फरक पुढे पडला. कोमेदियातील मुखवट्यांना युरोपातील चित्रकारांनी रंगवले, नाटककारांनी आपल्या लिखित नाटकांत जागा दिली. मान्झाईला विसाव्या शतकात नभोवाणी आणि दूरचित्रवाणी मिळाली. आपल्या बतावणीच्या वाट्याला काय आले? हे समजण्यासाठी पुन्हा संगमनेरला, अनंत फंदीकडे जाऊ.

१२/ अनंत फंदी (१७४४–१८१९) हा मूळचा घोलप घराण्यातला, यजुर्वेदी ब्राह्मण. मलिक फंदी नावाच्या फकिराच्या सहवासामुळे त्याला ‘फंदी’ हे नाव चिकटले, असे परंपरा सांगते. एक ब्राह्मण, एक फकीर आणि हातात डफ, हे चित्रच त्या काळच्या संगमनेरविषयी बरेच काही सांगून जाते. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि फंदी त्यानंतरच्या वर्षी गेला. म्हणजे उत्तर पेशवाईचा वैभवकाळ, तिची घसरण आणि शेवट हे तिन्ही त्याने डोळ्यांनी पाहिले.

१३/ ‘फटका’ या रचनाप्रकाराचा तो जनक मानला जातो. फटका म्हणजे उपदेश, पण चाबकासारखा. त्याचा एक फटका शाळेच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला गेला. आजही अनेकांच्या आजी-आजोबांना तो येत असेल, विचारून पाहा. त्याने लावण्या आणि पोवाडेही रचले. सवाई माधवरावाच्या मृत्यूवर ‘श्रीमाधवनिधन’ हे काव्य लिहिले.

१४/ आता डफ फोडल्याच्या आख्यायिकेकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू. अहिल्यादेवींचे निधन ऑगस्ट १७९५ मध्ये झाले, सवाई माधवरावाचे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. म्हणजे ‘श्रीमाधवनिधन’ हे काव्य अहिल्यादेवींच्या पश्चात रचलेले. डफ फुटला असेल तरी लेखणी थांबली नाही, एवढे तरी निश्चित म्हणता येते. भेट झाली का, आणि ते शब्द खरोखर उच्चारले गेले का, हे सिद्ध करणारा पुरावा आख्यायिका स्वतः देत नाही. मग तिला फेकून द्यायचे काय?

१५/ नाही. घटना म्हणून ती सिद्ध होत नाही, पण समाजाच्या मनाचा दस्तऐवज म्हणून ती मोलाची आहे. तमाशा ऐकायला सर्वांना आवडे, पण तो करणे प्रतिष्ठेचे नव्हते. ज्या कवीची कवने लोकांनी पाठ केली, त्याला आदरणीय ठरवण्यासाठी ‘त्याने शेवटी तमाशा सोडला’ असे सांगण्याची गरज समाजाला भासली. आणि ते सांगण्यासाठी अहिल्यादेवींइतके पुण्यशील नाव दुसरे कोणते मिळणार? कलावंताला सन्मान हवा असेल, तर त्याने आपली कला टाकली पाहिजे, असा हा व्यवहार आहे.

१६/ गंमत पुढे आहे. फंदी तमाशातून कीर्तनात गेला असे मानले, तरी तो हसवण्यापासून दूर गेला असे होत नाही. कीर्तनाच्या पूर्वरंगात तत्त्वविवेचन आणि उत्तररंगात आख्यान असते. दोन्हीकडे श्रोता जागा ठेवायला दृष्टांत आणि विनोद लागतोच. नगर जिल्ह्यातील सप्ताहांत आजही पोट धरून हसवणाऱ्या कीर्तनकारांना तोबा गर्दी होते. फेट्याखालचा माणूस बदलतो, समोरचा श्रोता तोच असतो. तमाशातले हसू हलके आणि कीर्तनातले हसू भारदस्त, ही विभागणी हसणाऱ्याने केलेली नाही.

१७/ आता मूळ प्रश्न. फंदीचे नाव उरले, कारण त्याची कवने छंदोबद्ध होती. ती पाठ करता आली, वह्यांत उतरवता आली, पुढे छापता आली. बतावणी गद्यात असे आणि दर रात्री बदले. ती पाठ करण्यात अर्थच नव्हता. कालचा विनोद आज तसाच केला, तर तो पडण्याची भीती. म्हणजे जी गोष्ट सोंगाड्याला थोर बनवते, तीच त्याला कागदावरून पुसून टाकते. फंदीच्या शेजारी उभे राहून बतावणी कोण करत असे, त्याचे बोलणे कसे होते, हे आज आपल्याला वाचायला मिळत नाही.

१८/ याला जातीचीही बाजू आहे. तमाशा मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतील कलावंतांनी जगवला. इतिहासात ठळकपणे आलेली काही नावे मात्र फंदी, राम जोशी, पठ्ठे बापूराव अशा ब्राह्मण शाहिरांची आहेत. यात त्या शाहिरांचा दोष नाही. ज्याच्या घरात अक्षरओळख आणि वह्या होत्या, त्याचे शब्द टिकले. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचे नाव ज्या पवळाबाईंशिवाय घेताच येत नाही, त्या संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या, महार समाजातल्या. कवने बापूरावांच्या नावे टिकली. पवळाबाईंचा अभिनय पाहणारे डोळे मिटले, तसा तो अभिनयही गेला.

१९/ बतावणीची ताकद ज्यांनी नेमकी ओळखली, ते समाजसुधारक होते. महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या चळवळीतून सत्यशोधकी जलसे उभे राहिले. तमाशाचा साचा घ्यायचा आणि आशय बदलायचा, ही त्यांची रीत. बतावणीच्या जागी भटजी आणि सत्यशोधक यांची खडाजंगी आली. आंबेडकरी चळवळीत नाशिकच्या भीमराव कर्डक यांनी तोच मार्ग पुढे नेला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हाही सवाल-जवाबाचा हाच वारसा उपयोगी पडला.

२०/ राज्यकर्त्यांनाही ही ताकद दिसली, पण भीतीच्या रूपाने. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. कलावंतांच्या विरोधानंतर ती उठली. तमाशा ‘सुधारण्या’साठी दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. पुढे प्रयोगापूर्वी संहिता मंजूर करून घेण्याची पद्धत रुळली. आता विचार करा : वगाची संहिता सादर करता येईल, पण जी बतावणी रात्री लोकांचे चेहरे पाहून सुचणार आहे, तिची संहिता सकाळी कुठून आणायची?

२१/ इथे एक प्रामाणिक कबुली हवी. बतावणीत आणि गवळणीत सारेच निर्मळ नव्हते. द्वयर्थी बोलणे होते, बाईच्या देहावरून केलेले विनोद होते, व्यंगावरून केलेली थट्टा होती. ज्या कलेच्या अन्नावर स्त्री कलावंतांचा संसार चालला, त्याच कलेने त्यांना हसण्याचा विषयही बनवले. सोंगाड्याची बाजू मांडताना हे झाकणे म्हणजे नवी आख्यायिका रचणे होईल. मात्र सुधारकांनी घाण काढताना तात्कालिकतेवरच बंधने घातली, आणि ती तर या कलेचा श्वास होती.

२२/ तरीही काही जणांनी ही कला शिखरावर नेली. दादू इंदुरीकर हे त्यांतले मोठे नाव. त्यांचे इंदुरी हे पुणे जिल्ह्यातील तळेगावजवळचे गाव आहे. आपल्या अकोले तालुक्यातही इंदुरी आहे, म्हणून घोटाळा होतो. हरिभाऊ वडगावकर यांच्या ‘गाढवाचं लग्न’ या वगातील त्यांचा सावळ्या कुंभार आणि प्रभा शिवणेकर यांची गंगी ही जोडी अविस्मरणीय ठरली. शापामुळे गाढव झालेला गंधर्व राजकन्येशी लग्नाचा हट्ट धरतो आणि बिचारा कुंभार स्थळ घेऊन राजदरबारी जातो! इंदुरीकरांना १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

२३/ ‘गाढवाचं लग्न’ नगरच्या माणसाला जवळचे का वाटते, हे पाथर्डी तालुक्यातील मढीला गेल्यास उमगते. कानिफनाथांच्या यात्रेत तिथे गाढवांचा मोठा बाजार भरतो, दूरदूरचे भटके समाज गोळा होतात. ज्या प्रेक्षकाच्या घरी गाढव हे कमाईचे साधन आहे, त्याला गाढवाच्या वरातीत केवळ विनोद दिसत नाही. कुंभाराचे गाढव राजाचा जावई होऊ पाहते, यात जगाची उतरंड काही तासांपुरती उलटी होते. सोंगाड्याला विनोद सापडतो तो अशा जागी, जिथे प्रेक्षकाचे रोजचे जगणे असते.

२४/ दोघांच्या संवादाचे टोक पाहायचे तर सांगली जिल्ह्यातील कवलापूरचे काळू-बाळू आठवावेत. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगातील त्यांचे दोन हवालदार महाराष्ट्रभर गाजले. चेहरा सारखा, वेश सारखा, त्यामुळे कोण कोणाला बोलला याचाच गोंधळ. सरदार शहाणा आणि सोंगाड्या येडा ही जुनी वाटणीच इथे मोडली.

२५/ शहरात आल्यावर मात्र हसवणाऱ्याला कागद मिळाला. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले. त्यात दादा कोंडके रोजच्या घडामोडींवर ऐनवेळी टोले लगावत. ती बतावणीच होती, फक्त प्रेक्षागृहातली. १९७१च्या त्यांच्या चित्रपटाचे नावच ‘सोंगाड्या’. पुढे अनिता पाध्ये यांनी दादांच्या तोंडून ऐकून ‘एकटा जीव’ हे आत्मकथन शब्दांकित केले. राम नगरकर यांनी केशकर्तनाचा घरचा व्यवसाय आणि त्यातले अपमान ‘रामनगरी’त हसत हसत सांगितले. विनोदवीर आपल्या जगण्याविषयी आणि कलेविषयी बोलतो तेव्हा काय हाती लागते, हे या दोन पुस्तकांत दिसते.

२६/ खुद्द नगर शहरातही या कलेची एक सुशिक्षित बहीण जन्मली. अहमदनगर महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक मधुकर तोरडमल यांनी ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ लिहिले आणि त्यातील प्राध्यापक बारटक्के स्वतः रंगवले. हा प्राध्यापक ऐन मोक्याचा शब्द गाळून तिथे ‘ह’ची बाराखडी वापरतो. गाळलेली जागा प्रेक्षक आपल्या मनाने भरतो आणि हसतो. चावट कोण, बोलणारा की ऐकणारा? गवळणीतला पेंद्या वर्षानुवर्षे हेच करत आला होता. फरक एवढाच, की प्राध्यापकाच्या तोंडी ते आले तेव्हा त्याला नाटक म्हटले गेले.

२७/ आणि संगमनेर? ते तमाशाचे गाव राहिले. तुकाराम खेडकर यांच्या फडातून नावारूपाला आलेल्या कांताबाई सातारकर यांनी पुढे स्वतःचा फड उभारला. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनी तो पुढे नेला. पारनेर तालुक्यातील ढवळपुरीचे नाव चंद्रकांत ढवळपुरीकरांच्या फडाने गावोगाव पोहोचवले. २०२० साली करोनामुळे ऐन चैत्रातल्या जत्रा रद्द झाल्या. ज्या हंगामावर फडाचे वर्ष निघते, तो हंगामच गेला. मे २०२१ मध्ये कांताबाईही करोनाने गेल्या. त्यांच्यासोबत किती बतावण्या, किती हजरजबाब, किती फसलेल्या रात्रींच्या आठवणी गेल्या असतील, याची मोजदाद कोण करणार?

२८/ माझ्या आजोबांनी तरुणपणी जत्रेत पाहिलेल्या एका तमाशाविषयी मी त्यांना एकदा विचारले होते. वगाचे नाव त्यांना आठवत नव्हते, फडाचेही नाही. पण सोंगाड्या कसा लंगडत आला, सरदाराने दटावल्यावर त्याने टोपी कशी फिरवली, हे त्यांनी अंगणात उभे राहून करून दाखवले. ते स्वतःच हसले आणि मग काही वेळ गप्प बसले. त्या सोंगाड्याचे अभिलेखागार माझ्या घरात होते आणि मी मात्र तो शोधायला ग्रंथालयात जात होतो. आजोबा आता नाहीत. ती नोंद मी तेव्हा केली नाही, याची खंत आजही आहे.

२९/ म्हणून मित्रहो, एक विनंती. तुमच्या गावात एखादा निवृत्त सोंगाड्या, ढोलकीवाला, मावशी रंगवणारा कलावंत असेल, तर त्याच्याकडे जाऊन बसा. त्याची परवानगी घ्या आणि बोलणे ध्वनिमुद्रित करा. ‘विनोद सांगा’ असे म्हणू नका. ‘तुम्हाला हसू कुठे सापडायचे? कोणता विनोद पडला? समोर पाटील बसला असताना काय बोलायचे टाळले?’ असे विचारा. शक्य असेल तर त्याच्या जुन्या साथीदारालाही शेजारी बसवा. ही कला दोघांची आहे. एकट्याला विचारले तर आठवणी मिळतील, दोघांना विचारले तर कदाचित बतावणीच ऐकायला मिळेल.

३०/ अनंत फंदीने डफ फोडला की नाही, हे बहुधा कधीच सिद्ध होणार नाही. पण डफ फुटल्यावरही तमाशा थांबला नाही, हे संगमनेरच्या पुढच्या दोनशे वर्षांनी दाखवून दिले आहे. जिल्ह्याचा इतिहास लिहिताना निजामशाहीचे किल्ले येतील, चौंडी येईल, फंदीचे फटके येतील. त्या पानांत सोंगाड्यालाही जागा हवी, आणि त्याने आपली कला सोडली अशी गोष्ट न जोडता हवी.

धागा समाप्त. तुमच्या आजी-आजोबांनी सांगितलेला एखादा सोंगाड्या किंवा बतावणी आठवत असेल, तर खाली गावाच्या नावासह नक्की लिहा. तीही नोंदच आहे. 🙏